नवव्या रकान्यातलं ‘असावा’

हे मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही — आणि जिचं नुकसान केलं तिच्यापाशी तर नाहीच नाही. वकिलाला गोष्टी पोटात ठेवायची सवय असते, म्हणाल तुम्ही. पण त्या गोष्टी अशिलाच्या असतात. ही माझी स्वतःची आहे. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच बहुतेक तोंड उघडतंय.

आधी एवढं सांगते, की मी काही वाईट वकील नाही. — बघा. सुरुवातच बचावाच्या कैफियतीनं झाली. बावीस वर्षांची खोड, जाता जात नाही. ते वाक्य सोडून द्या.

बारामतीच्या कोर्टात मी बावीस वर्षं उभी राहते, आठवड्यातनं दोन दिवस इंदापूरला जाते. कोर्टाबाहेर झेरॉक्सवाल्याच्या वरच्या खोलीत माझं ऑफिस. एक टेबल, एक कपाट आणि भिंतीला लावलेलं एक लाकडी बाकडं. त्या बाकड्यावर बसून गेलेल्या निम्म्या लोकांकडून मी फी घेतलेली नाही. घेणार काय? कुणाची पेन्शन अडकलेली, कुणाची वारसनोंद रखडलेली. करत गेले. त्याला कुणी नाव दिलं नाही, ‘बाई फुकट करतात’ एवढंच. आणि फुकट म्हटलं की माणसाला वाटतंच ना, की माल जरा हलका असणार?

आता वैशाली. आम्ही दोघी एकाच सिनियरकडं शिकलो. सगळं कोर्ट त्यांना तात्या म्हणायचं. वैशाली दावे लिहायची; मी तलाठी, तहसील, नकला, समन्स असं पळत सुटायचे. येईल त्याला तात्या कौतुकानं सांगायचे, “हिचं डोकं आन् हिचे पाय, मिळून माझा एक वकील पुरा होतो.” सगळे हसायचे. मीही हसायचे. पाय माझे होते. ते वाक्य मला आजही भांडी घासताना मध्येच आठवतं.

पुढं ती पुण्याला एका दुधाच्या कंपनीच्या विधी विभागात लागली आणि चढत चढत प्रमुख झाली. लग्न, फ्लॅट, गाडी. मला त्याचं काही वाटलं नाही — खरंच नाही. पुण्याला गेलेली माणसं रोज कुठं दिसतात? माझ्या पोटात दुखायला लागलं ती परत आली तेव्हा.

तीन वर्षांपूर्वी तिचा फोन आला. तिची कंपनी आणि मुंबईची एक नावाजलेली लॉ फर्म मिळून बारामती-इंदापूरच्या गावांसाठी मोफत कायदेशीर मदत सुरू करणार होती. कंपनीचे वकील महिन्यातनं एकदा येऊन लोकांचं ऐकून घेणार, फर्म कागद तयार करून दाखल करणार. इंग्रजीत त्याला म्हणायचं प्रो बोनो. स्थानिक वकील हवा होता. “तुझंच नाव दिलंय मी, दुसरं कुणाचं देणार?” म्हणाली. आवाजात नुसता आनंद होता तिच्या. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. मी इतकी वर्षं केलं ते फुकट. हिनं महिन्यातनं एकदा केलं ते प्रो बोनो.

पहिलं शिबिर संक्रांतीनंतर इंदापूरला एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. फलक, पाण्याच्या बाटल्या, निळ्या फायली. वैशालीच्या टेबलावर तिच्या नावाची पाटी. माझ्या टेबलावरही पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘स्थानिक समन्वयक’. नाव नव्हतं.

तुम्हाला वाटेल, ती मिजाशीत वागली असेल. तसं असतं तर किती बरं झालं असतं! सुती साडी, हातात घड्याळसुद्धा नाही. म्हातारी माणसं खुर्चीवर अवघडतात म्हणून हीच खाली सतरंजीवर जाऊन बसली. प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकलं. मला दोनदा चहा आणून दिला. तिचं काही म्हणता काही चुकत नव्हतं — आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

तेवढ्यात कमलमावशी आल्या. वरकुट्याच्या. दोन एकर जमीन, मालक वारलेले, मुलगी सासरी. त्यांची वारसनोंद मी केलेली, रेशनकार्ड मी सोडवलेलं. बारामतीला आल्या की माझ्या बाकड्यावर बसून भाकरी खायच्या आणि जो येईल त्याला सांगायच्या, ही आपली बाई. मला दारातनं बघितलं, हसल्या, “जयभीम बाई” म्हणाल्या — आणि सरळ जाऊन वैशालीच्या रांगेत बसल्या.

मी उठून गेले. म्हटलं, मावशी, इकडं या की, मी आहे ना.

“तुमी काय, घरच्याच हायसा,” त्या म्हणाल्या. “तुमास्नी कवाबी सांगता यील. ह्या म्याडम पुन्यास्नं आल्यात. म्हनलं, काम मोठं हाय, तर मोठा वकील बगावा.”

त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. माझ्या दंडावर हात ठेवून बोलल्या त्या. पण मी बाई आणि ती म्याडम — हे माझ्या कानात असं बसलं की दुपारभर दुसरं काही ऐकूच आलं नाही. एका शब्दासाठी माणूस इतकं जळतं का हो? मी जळले.

काम खरंच मोठं होतं. मावशींच्या शेताला जायचा रस्ता शेजारच्या रानातनं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीचा. शेजारी दत्तात्रय शिंदे. त्यानं दसऱ्याच्या तोंडावर मशीन आणून रस्त्यात आडवा चर मारला. दोन एकर ऊस तुरे येऊन उभा. ट्रॅक्टर जाईना, म्हणून कारखान्याची ऊसतोड टोळी येईना. रस्ता अडवला तर तहसीलदाराकडं अर्ज करता येतो, तिथं निकाल लवकर लागतो. पण अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. ती मुदत गेली की दिवाणी कोर्ट, आणि दिवाणी कोर्ट म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. मावशी आल्या तेव्हा चार महिने होऊन गेले होते. वैशालीनं कागद बघितले, म्हणाली, पंधरा दिवसांत दाखल करू. मावशींनी सगळी पिशवी तिच्या हवाली केली.

संध्याकाळी वैशालीनं भरलेल्या अर्जांचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. शेवटचा, नववा रकाना स्थानिक वकिलानं भरायचा होता: विरुद्ध बाजूच्या माणसाचा कंपनीशी किंवा फर्मशी काही संबंध आहे का? मोठ्या वकिलांचा तो नियमच असतो. ज्याच्याशी आपला व्यवहार आहे त्याच्या विरुद्ध उभं राहायचं नाही. नुसता संशय आला तरी खात्री होईपर्यंत काम थांबतं.

इथं जरा थांबते. पाणी पिऊन आले.

मला आणखी एक दत्तात्रय शिंदे माहीत होते. कऱ्हाटीचे. त्यांच्या दुधाच्या गाड्या वैशालीच्या कंपनीला लागलेल्या. ते माझे अशील, दहा-बारा वर्षांपासूनचे. त्यांची जमीन कुठं, भावकी कुठं, सगळं मला तोंडपाठ. वरकुट्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. हे मला तेव्हा, त्या टेबलाशी, पेन हातात असताना माहीत होतं. ‘वाटलं’, ‘गोंधळ झाला’ असं काही मी सांगणार नाही.

समोर वैशाली मावशींना हाताला धरून गाडीपर्यंत सोडायला निघाली होती. मावशी तिच्याकडं मान वर करून बघत होत्या. आणि मी नवव्या रकान्यात लिहिलं — ‘कंपनीचा दूध वाहतूक ठेकेदार असावा.’

‘असावा’. ‘आहे’ लिहिलं असतं तर खोटं ठरलं असतं. ‘नाही’ लिहिलं असतं तर काम सुरू झालं असतं. आपल्या भाषेत हा शब्द किती सोयीचा आहे बघा! पंचनाम्यात, अहवालात, कुठंही घाला, लिहिणारा मोकळा.

एवढ्यावर राहिलं असतं तर एका दुपारचा राग म्हणता आला असता. पण तसं झालं नाही. आठवड्यानं वैशालीचा मेसेज आला. कंपनीच्या यादीत खरंच दत्तात्रय शिंदे, बारामती, असं नाव निघालं होतं आणि फर्मनं फाइल थांबवली होती. ‘तू तिथलीच आहेस. तुझे पाय लागले की काम होतं. हा तोच का, तेवढं बघून सांग ना.’

पाय. तिनं प्रेमानं लिहिलं होतं, तात्यांची आठवण म्हणून लिहिलं होतं. मी उत्तर दिलं, चौकशी चालू आहे.

कसली चौकशी? कऱ्हाटीच्या शिंद्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. दुसरा मेसेज आला. चौकशी चालू आहे. तिसरा आला. तलाठी रजेवर आहे. मला हेसुद्धा ठाऊक होतं की मुदत जवळ येतेय आणि अर्ज मी स्वतः एका दिवसात दाखल करू शकते. पण मी वाट बघत होते. मावशींनी परत माझ्याकडं यावं आणि म्हणावं, बाई, तुमच्याबिगर न्हाय व्हायचं. मावशी आल्या नाहीत. म्याडमनं थांबायला सांगितलंय म्हणून त्या भल्या बाईनं वाट बघितली.

पाडव्यानंतर कंपनीच्या खरेदी विभागानं जुने कागद काढले. माणूस वेगळा निघाला. फर्मनं तातडीनं अर्ज दाखल केला, पण तोवर सहा महिने उलटून अकरा दिवस झाले होते. तहसीलदारांनी मुदतीवर अर्ज फेटाळला.

वैशाली फोनवर रडली. आम्हीच ढिले पडलो, म्हणाली. तुझ्यासारखं रोज जमिनीवर काम करणाऱ्यांनी करायचं ते काम, आम्ही उगीच मिरवायला गेलो, असंही म्हणाली. शिबिराच्या दिवशी हे वाक्य ऐकायला मी काय दिलं नसतं? मी म्हटलं, “होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस.” आणि तिनं माझे आभार मानले.

त्या वर्षी मावशींनी ऊस तोडून मोळ्या डोक्यावरनं बांधाबांधानं काढल्या. निघाला तेवढा निघाला, उरला तो रानातच वाळला. नंतर त्यांनी ऊस लावलाच नाही. शेळ्यांपुरती मका करतात. दिवाणी दावा मी दाखल केला, फी न घेता. वकीलपत्रावर अंगठा उठवून त्या परत माझ्या बाकड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, आपली बाई ती आपली बाई. मला आनंद झाला. हे सांगायला मला त्या ‘असावा’पेक्षा जास्त लाज वाटते, पण झाला. वैशालीकडं गेलेली बाई माझ्याकडं परत आली होती.

गेल्या श्रावणात एका तारखेला मावशी बाकड्यावर बसल्या होत्या. जिना चढून कऱ्हाटीचे शिंदे आले, विम्याचा कागद द्यायला. बाकड्यावर टेकले. मी फाइल शोधत कपाटात डोकं घालून उभी. मावशींनी सहज विचारलं, कुठलं म्हनायचं पाव्हनं? कऱ्हाटीचा, म्हणाले, दत्तात्रय शिंदे.

“दुदाच्या गाड्या तुमच्याच का?” मावशी.

“व्हय, कंपनीला लावल्यात.”

“आमच्या वरकुट्याला कवा आलाय का?”

“न्हाय बा. तिकडं काय काम आमचं?”

“आन् बाईंना कवापास्नं वळखता?”

“झाली की धा-बारा वरसं.”

दुधाच्या गाड्यावाल्याशी नाव जुळलं म्हणून काम थांबलं आणि तो हाच का याची चौकशी मी करतेय, हे वैशालीनं त्यांना तेव्हाच समजावून सांगितलं होतं. मावशींनी एवढंच केलं — पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि शिंद्यांना नीट बसायला जागा करून दिली. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या,

“म्याडम, पुडची तारीख कवाची?”

मी तारीख सांगितली.

त्यांनी वकीलपत्र काढून घेतलं नाही. तारखेला येतात, वेळेवर येतात. भाकरी खाली स्टँडवर खाऊन येतात. जयभीम म्हणतात आणि मला म्याडम म्हणतात. मी त्यांना काही विचारलेलं नाही, वैशालीला काही कळवलेलं नाही. रस्त्यातला चर अजून तसाच आहे, आता त्यात बाभळी वाढल्यात.

नववा रकाना मी भरला. असावा, असं लिहिलं. तो नव्हता, आणि मला माहीत होतं.