कांद्याच्या यंत्राचा नारळ

नांदगावच्या निवृत्तीने एम.टेक.चे सगळे विषय काढले, एकच अंगावर राहिला: तांत्रिक लेखन. जो पोरगा डोळे मिटून मोटर खोलतो, त्याला ती कशी खोलावी हे चार ओळींत लिहिता येईना! गंगापूर रोडवरच्या त्याच्या कॉलेजात चहासोबत चघळायला याहून चविष्ट काही नव्हतं. आता पुन्हा नापास झाला तर पदवी अडकणार, आणि तिच्यापाठोपाठ कबूल झालेली नोकरीही जाणार.

हा विषय शिकवणाऱ्या स्नेहल मॅडमची परीक्षाही जगावेगळी. एखाद्या यंत्राची माहितीपुस्तिका लिहायची. ते यंत्र कधीच न हाताळलेल्या माणसाने नुसती पुस्तिका वाचून ते चालवायचं. लिहिणाऱ्याने मध्ये तोंड उघडलं की नापास. निवृत्तीच्या वाट्याला मेसमध्ये नवंकोरं आलेलं कांदे चिरायचं यंत्र आलं आणि वाचक म्हणून मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या सावित्रीबाई. बाई पेपर जाहिरातींसकट वाचत, तेव्हा वाचनाची अडचण नव्हती.

कच्च्या मसुद्यात निवृत्तीची पहिली पायरी होती, 'यंत्राला हळदकुंकू लावून नारळ फोडावा.' मॅडमनी त्यावर लाल रेघ ओढली आणि शेजारी शेरा मारला, अनावश्यक.

परीक्षेच्या दिवशी सावित्रीबाईंनी पुस्तिका वाचली, चष्मा पुसून परत वाचली आणि पदराला हात पुसत स्टुलावर बसून राहिल्या. काय अडलं, असं मॅडमनी विचारलं.

"नारळ कुठं हाय?" बाई म्हणाल्या. "नव्या यंत्राला असाच हात लावू? उद्या बोट गेलं तर हे पुस्तक येणार का माझ्यासंगं दवाखान्यात?"

निवृत्तीने ओठ असे गच्च दाबले होते की मिशी उभी राहिली. मॅडम तत्त्वाच्या पक्क्या. वाचक अडला म्हणजे पुस्तिका अपुरी. पण रेघ त्यांचीच असल्यामुळे त्यांनी गुपचूप आणखी एक संधी दिली.

दुसऱ्या खेपेला नारळ पुस्तिकेत परतला. बाईंनी हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि नारळ थेट यंत्राच्या झाकणावर हाणला. झाकणाला तडा गेला. मेसचा मालक कपाळ बडवू लागला.

"फोडावा असं लिहिलंय. कशावर, ते नाय लिहिलं," बाई शांतपणे म्हणाल्या.

मॅडम मात्र वर्षात पहिल्यांदाच हसल्या. हेच तर मी शिकवतेय, म्हणाल्या, आणि झाकण बदलून येताच शेवटची संधी दिली.

तिसऱ्या पुस्तिकेत नारळाला अख्खं पान मिळालं: शेंडीची दिशा दाखवणारी आकृती, दाराच्या पायरीवरच फोडण्याची सूचना, पाणी बटणापासून लांब ठेवण्याचा त्रिकोणी इशारा. बाहेरून आलेले परीक्षक खोबऱ्याचा तुकडा चघळत पानं चाळत होते. नारळ खवट निघाल्यास काय करावं, हे दिसत नाही, असं ते गंभीरपणे म्हणाले. बोलायची बंदी असलेल्या निवृत्तीने मागचं पान उलटून बोट ठेवलं. 'दुसरा फोडावा.'

सावित्रीबाईंनी बटण दाबलं. यंत्र घरघरलं, कांद्याचा ढीग पडला आणि निवृत्ती पास झाला. सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पोरगा आनंदाने रडला, असं मेसमध्ये अजून सांगतात. मॅडमना ते मान्य नाही. डोळ्यांना पाणी येतं ही सूचना पुस्तिकेत राहिली होती, आणि तिचे गुण त्यांनी कापलेत.