भरपूर ही मोजणी नव्हे

"भरपूर ही मोजणी नव्हे, पाटील."

असं म्हणून बाई चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि खरा आकडा येईपर्यंत परत घालायच्या नाहीत. समोरचा गप्प बसला तर त्याही गप्प. पुण्यातल्या बायका गप्प बसूनही माणसाला कशा सोलतात, ते तुम्हाला मी काय सांगायचं. तुम्हीही पाहिल्या असतील.

कर्वेनगरात आमच्या सोसायटीच्या खालच्या हॉलमध्ये त्या म्हाताऱ्यांना बोलायचं इंग्रजी शिकवायच्या. मी चौथीत शाळा सोडलेला. ही सोसायटी उभी आहे ती आमच्याच रानात. माझ्याच रानात बसवून मला कुणी शिकवावं हे मला पटत नव्हतं. पण मला कळू नये असं काही असलं की मुलगा आणि सून इंग्रजीत बोलायचे. माझ्या देखत. म्हणून गेलो.

रोज सुरुवात एकाच प्रश्नानं. सकाळपासून किती खाल्लं, किती कप चहा झाला, किती चाललात. "काल काय केलंत ते मला नको," बाई म्हणायच्या. "कालचा दिवस संपला. आजचा चालू आहे. आत्तापर्यंत किती झालं ते सांगा."

पहिल्या दिवशी मला विचारलं, "हाऊ मच हॅव यू ईटन?" मी म्हणालो, "इनफ." म्हणजे भरपूर. एवढा एक शब्द मला येत होता. चष्मा टेबलावर.

आमच्यात कुणी विचारलं तर 'झालंय, भरपूर' असंच म्हणतात. पोटात कावळे ओरडत असले तरी. भुकेचं दुसऱ्याला सांगणं म्हणजे हात पसरणं. मी बाईंना तसं सांगितलं.

"कळलं," बाई म्हणाल्या. "म्हणजे भरपूर म्हणणारा माणूस काहीतरी लपवतो. आता आकडा सांगा."

मी तो तास तसाच बसून काढला. पुढचाही. शेवटी वैतागून म्हणालो, "आय हॅव ईटन टू भाकरी. भाकरीला इंग्रजीत काय म्हणायचं?"

"भाकरीच. ती त्यांची आहे कुठे?" आणि चष्मा डोळ्यावर गेला.

बाईंना साखरेचा आजार होता, हे सगळ्यांना ठाऊक. सकाळी पोटात इंजेक्शन घ्यायच्या. एकट्याच राहायच्या, मुलगी नागपूरला. संकष्टीचा उपास मात्र कडक. सकाळचा बिनसाखरेचा एक कप चहा सोडला तर चंद्र दिसेपर्यंत तोंडात काही नाही. नवऱ्याच्या दुखण्यात धरलेला, तो गेल्यावरही सोडला नाही. पुढे डॉक्टरांनी मना केल्यावर उपास करणं बंद केलं, असं त्या सांगायच्या. दिवाळीपासून मी त्यांना तीनदा टेबलाची कड धरून उभं राहताना पाहिलं होतं. विचारलं की म्हणायच्या, "गुडघा."

त्या दिवशी आमच्या घरी साबुदाण्याचा वास होता, म्हणून संकष्टी माझ्या ध्यानात. मी विचारलं, "बाई, फराळ?"

"झालाय हो. भरपूर."

मी मान वर केली. हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. त्या चष्मा घालत होत्या आणि काडी काही कानाला सापडत नव्हती. कपाळावर घाम. मग खुर्चीसकट कलल्या.

रिक्षात त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. बोलावं तर ओ देत नव्हत्या. रिक्षावाल्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही, नुसता हॉर्न धरून ठेवला.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण, दक्षिणेकडचा. मराठी येत नव्हतं. त्यानं बोटाला टोचून साखर पाहिली, शिरेतून ग्लुकोज सोडलं. जरा वेळानं बाईंनी डोळे उघडले. तेव्हा त्यानं तोच प्रश्न विचारला, आमच्या तासातला. सकाळपासून किती खाल्लं?

बाई म्हणाल्या, "आय हॅव हॅड ब्रेकफास्ट. इनफ."

डॉक्टरनं मान हलवून लिहून घेतलं. खाऊनही साखर एवढी उतरली, तर आत काहीतरी बिघाड दिसतोय, तपासण्या करू, इंजेक्शन बदलू, असं काहीसं तो नर्सला सांगू लागला. सगळं कळलं नाही. पण खोट्या आकड्यावर औषध ठरतंय, एवढं कळलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बोलू नका, असं ती नजर सांगत होती. ती मी ओळखली. आरशात रोज पाहतो. दुसरा कुणी मला असं उघडं पाडता तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं.

"डॉक्टर," मी म्हणालो. "शी हॅज ईटन नथिंग. वन कप टी. नो शुगर."

त्याचा पेन थांबला. असं आधी झालंय का, त्यानं विचारलं.

"नो," बाई.

"थ्री टाइम्स," मी. "सिन्स दिवाळी."

मग त्यानं बाईंना जे सुनावलं ते बरंचसं माझ्या डोक्यावरून गेलं. एवढंच समजलं, की इंजेक्शन घेऊन उपाशी राहणं पुन्हा झालं आणि जवळ कुणी नसलं, तर संपलं.

परत आलो, रिक्षातून उतरलो. फाटकाशी बाई म्हणाल्या, "चारचौघांत माझा आकडा सांगितलात."

"तुम्हीच शिकवलंत."

"मी इंग्रजी शिकवलं, पाटील. चहाडी नाही."

पुढच्या तासांना त्या सगळ्यांना विचारायच्या, मला वगळून. मीही हटलो नाही. पहिल्या बाकावर बसून राहायचो. वाटायचं, पुढच्या संकष्टीला या बाईचं काय होईल? विचारायची सोय नव्हती.

संकष्टीच्या सकाळी फोन वाजला.

"पाटील."

"हां बाई."

"वन बनाना."

मी गप्प राहिलो. चष्मा माझ्याकडे नव्हता, नाहीतर काढून ठेवला असता.

"आणि वाटीभर दही," त्या म्हणाल्या. "गणपतीला विचारलंय. तो काही बोलला नाही." आणि फोन ठेवला.

तेव्हापासून दर संकष्टीला फोन. आकडा सांगायच्या, ठेवून द्यायच्या. कशा आहात नाही, बरं आहे नाही.

गेल्या थंडीत बाई गेल्या. झोपेत, उपास नसलेल्या दिवशी. मुलगी नागपूरहून आली. मी भेटायला गेलो, खुर्चीत बसलो. टेबलावर चष्मा होता, काड्या मिटलेल्या.

मुलीनं विचारलं, "काका, सकाळपासून काही खाल्लंत का?"

"झालंय," मी म्हणालो. "भरपूर."

ती बरं म्हणून आत वळली. मी चष्म्याकडे पाहत होतो.

"नथिंग," मी म्हणालो. "आय हॅव ईटन नथिंग."

ती दारात थांबली. मग आतून एक केळं घेऊन आली, आणि मी ते संपवेपर्यंत समोर बसून राहिली.