कोमलचा ट्रेड अन् मालेगावचा रस्ता

अन् आज, भाऊजीच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, तुमी टीमच्या गृपवर माह्या पोरीचा पोल टाकला.

फोटोले हार घालून राह्यली होती मी. मोबाईल सारखा टुंग टुंग. वाटलं, लोकं श्रद्धांजली टाकून राह्यले.

पाहते तं काय.
"कोमलले मालेगावच्या टीमले द्यावं का? हो / नाही."

खाली अंगठे. फटाके.
"एकीच्या बदल्यात दोघी भेटून राह्यल्या, लॉटरी हाय भाऊ!"
"बास्केटखाली हाइटवाली सेंटर पाह्यजेच."
"कोमल तशीबी बेंचवरच असते."

जुना मोबाईल द्या, नवा न्या. तसं लावलं तुमी.

ज्याईले माहीत नाई त्याईच्यासाठी सांगते. दिनकर भाऊजी म्हणजे माह्या नवऱ्याचे लहाने भाऊ. रिसोडले पंक्चरचं दुकान होतं त्याईचं. पोरींची बास्केटबॉलची टीम त्याईनंच उभी केली. बॉल फुसका झाला तं ट्यूबसारखा पाण्यात बुडवून पाहत.

बाजूलेच माही चहा-पोह्याची गाडी. म्हणून हे ट्रेड-फ्रेड, खेळाडूची अदलाबदल, सगळं माह्या कानावरून गेलेलं हाय. मले शिकवू नका.

सकाळी अमेरिकेच्या बास्केटबॉलच्या मॅची लागत मोबाईलवर. भाऊजी अन् तुमी सगळे गाडीभोवती गोळा. याले काढा, त्याले घ्या, हा म्हातारा झाला, तो लंगडते. चहा थंडा होऊन जाये पण भांडण सरत नसे. जसं काई तिकडचा मालक तुमच्याच फोनची वाट पाहून राह्यला.

एकदा भाऊजी म्हणे, "वयनी, हा पहा. रात्री झोपला तवा एका शहराचा होता. सकाळी उठला तं दुसऱ्याचा."

मी म्हणलं, "त्याच्या मायले इचारलं का कोणी?"

लय हासले.
म्हणे, "नाई इचारत. पण त्याले नेयाले विमान येते वयनी. आपल्या पोरींले काळीपिवळी जीप."

आमच्या घरी बैलाची अदलाबदल करतानी सासरे अगुदर समोरच्याचा गोठा पाहून येत. गव्हाण कशी, पाणी कुठं, मारकुटा गडी तं नाई. गोठा पाह्यल्याशिवाय दावं सोडत नसत, मंग समोरचा कितीही चांगला बैल देवो.

भाऊजीनं तेच धरलं. कोणतीबी पोरगी टीममंधी घ्याची तं आधी तिच्या घरी जात. मायबापासंग बोलत. कशी येईन, कशी जाईन, ते पाहत.

मागच्या वर्षी मालेगावच्या पुढं मेडशीची एक उंच पोरगी हेरली होती. तिच्या मायनं एकच गोष्ट इचारली. "संध्याकाळी प्रॅक्टिस सुटल्यावर माही पोरगी घरी येईन कशी?"

भाऊजी म्हणे, "मी सोता त्या वेळी फिरून पाहतो, मंग सांगतो."

तुमी गृपवर काय टाकलं होतं? "भाऊ स्काउटिंगले गेले अन् परत आले नाई."

स्काउटिंगले नाई गेले. पोरगी तं पाहून झाली होती. ते रस्ता पाहाले गेले होते.

मुद्दाम थांबले मेडशीले, अंधार पडेपर्यंत. मले फोन केला.
"वयनी, एसटी गेली. आता काळीपिवळीनंच येतो. पोरीले असंच या-जा लागन, तं पाहू द्या कसं वाटते."

मी म्हणलं, "आत जागा भेटली तं बसा. मांगं लटकू नका."
म्हणे, "हो वो."

मालेगाव सोडलं. रिसोड आलं नाई.

आत जागा नव्हती.

तवापासून काळीपिवळीचा हॉर्न आयकला का माह्या हातातला झारा थांबते. कढईतलं तेल जळून जाते, मले समजत नाई. कोमलले पाच मिनिट उशीर झाला तं मी गाडी तशीच सोडून स्टँडवर जाऊन उभी राहते. गिऱ्हाईक बोंबलते. बोंबलू द्या.

अन् तुमी तिले त्याच रस्त्यानं पाठवून राह्यले. प्रॅक्टिस सुटन तवा अंधारच राहीन.

पंकज, भाऊजीनंतर टीम तू पाहून राह्यला, म्हणून तुलेच बोलते. आज दुपारी गाडीवर आला होता तू.

"काकू, हा इमोशनल मॅटर नाई. टीमच्या रोस्टरचा मॅटर हाय."
"तिले परत कोण आणन?"
"ते मॅनेज होते."
"कोण मॅनेज करन? नाव सांग."
"काकू, एक प्लेट पोहे द्या न."

पोहे खाल्ले. नाव नाई सांगतलं.

अन् कोमलले जाचं हाय. ते बी सांगून टाकते, नाईतं म्हणसान काकू पोरीले दाबून राह्यली.
"आई, इथं मी टॉवेल धरून बसते. तिथं पहिल्या पाचात घेऊन राह्यले."
मी म्हणलं, "काकाचं काय झालं माहीत हाय न?"
म्हणे, "काका असते तं मले पाठवलंच असतं."

पाठवलं असतं. पण आधी सोता जाऊन आले असते.

नाई म्हणलं तं पोरगी जेवत नाई. हो म्हणलं तं मले झोप नाई. भेव लागते मले. ज्याले हासाचं त्यानं हासा.

भाऊजी, तुमच्या पोरी आज सकाळी फोटोच्या पाया पडून गेल्या. मेडशीच्या त्या पोरीची माय बी आली होती. माहा हात धरून बसली. तुमी जिथं असान तिथं सुखात राहा. आमी सगळे तुमाले आठवतो.

अन् पंकज, पोल काढून टाक. माही पोरगी अंगठ्यावर जाणार नाई अन् अंगठ्यावर राहणारबी नाई.

मले दोनच गोष्टी पाह्यजे. येतानी गाडी कोणती. अन् तिच्यासंग मोठं माणूस कोण.

गृपवर नको, माह्या चहाच्या गाडीवर येऊन, तोंडानं सांग. पण आधी एक दिवस सोता संध्याकाळी मालेगावहून त्याच गाडीनं ये, अन् मंग सांग.

रविवारपर्यंत. सोमवारी मालेगाववाल्याईले हो का नाई, तो फोन मी करीन.