शिवडीच्या बंधाऱ्यावरचे कोरल

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याविषयी कोणी विचारले की मी मोर्च्यांच्या आठवणी सांगतो. माझी पन्नाशी उलटली, आणि त्याच त्या आठवणी सांगून आता थकवा येतो; कारण त्या वर्षांतली जी गोष्ट सांगायला हवी, ती मी टाळत आलो आहे.

तेव्हा मी परळच्या एका शाळेत शिक्षक होतो. शिवडीच्या खाडीत दसऱ्यानंतर कोरल येत : कोंबडीएवढे करडे पक्षी, लांब बाकदार चोचीने चिखलातले खेकडे वेचणारे. होळीच्या सुमारास ते परत जात. दरवर्षी ते कमी दिसू लागले, तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांनी आमच्या चाळीतले सात-आठ जण जमवले आणि फासे लावून हे पक्षी धरणाऱ्या एका वृद्ध कोळ्याची गाठ घेतली. त्याला सगळे नाखवा म्हणत. त्याने नारळावर हात ठेवून शब्द दिला : रविवारच्या भरतीला मिठागराच्या बंधाऱ्यावर शंभराहून कमी कोरल बसले, तर तो आठवडा फासे लावायचे नाहीत. मोतीबिंदूमुळे त्याला लांबचे दिसत नसे. फासे तो बोटांनी चाचपून मांडी. म्हणून मोजणी माझ्याकडे आली.

"मास्तर, पाखरं मोजता का पोरांची हजेरी घेता?" तो पहिल्याच दिवशी म्हणाला.

"हजेरीच, नाखवा. ही पोरं दंगा कमी करतात."

"मग एखादा गैरहजर निघाला तर माझ्या पोटाकडं बघू नका."

पुढे माझे रविवार सभांनी घेतले. एकदा भरतीची वेळ आणि सभेची वेळ एकच आली. मी सभेला गेलो आणि संध्याकाळी धक्क्यावर नाखवाला सांगितले, "एकशे दहा." आदल्या रविवारी तेवढेच होते. मान वर न करता हजेरी मांडण्याची आम्हा शिक्षकांची सवय. रोजचे चेहरे रोजच्या जागी असणारच, हे आम्ही गृहीत धरतो. असे तीन रविवार गेले. मोठ्या कार्यापुढे एवढेसे खोटे क्षम्य आहे, असे मी मनाला समजावले, आणि मनानेही फार हुज्जत घातली नाही.

चौथ्या रविवारी बंधाऱ्यावर गेलो. दोनदा मोजले. चौतीस भरले. तो आकडा मी मुख्याध्यापकांना सांगितला.

चाळीच्या गॅलरीत त्या संध्याकाळी सगळे बसले. नाखवालाही बोलावले होते. मुख्याध्यापक म्हणाले, "कोळ्याचा शब्द पाण्यावर लिहिलेला, हे मला आधीच कळायला हवे होते."

नाखवाने माझ्या आवाजाच्या अंदाजाने मान वळवली. "मास्तर, शंभरावर हायत असं तुमीच सांगितलं ना?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "पक्षी उडून जातात, नाखवा. आठवड्यात काय होईल, कोण सांगणार?" माझे आकडे फक्त नाखवाला ठाऊक होते; मी हो म्हणालो नाही, तेव्हा सगळ्यांना ती त्याची सबब वाटली.

तो उठला. जिन्याचा कठडा चाचपत खाली गेला. दुसऱ्या दिवशी त्याने सगळे फासे कापून मुख्याध्यापकांच्या दारात आणून टाकले. मुख्याध्यापकांनी तो आमचा विजय मानला. पुढच्या हिवाळ्यात मोजण्याइतके कोरल आलेच नाहीत.

राज्य झाल्यावर, बऱ्याच महिन्यांनी, मी नाखवाच्या घरी जाऊन सगळे कबूल केले. तो जाळ्याची भोके सांधत बसला होता.

"हे मला कशाला सांगता?" तो म्हणाला. "मी काय केलं ते मला ठावं हाय. चाळीत सांगा."

मी हो म्हणालो. आधी मुख्याध्यापकांची तब्येत बरी नव्हती, मग त्यांच्या मुलीचे लग्न निघाले, मग ते गेले. नाखवाही गेला. गॅलरीत त्या दिवशी बसलेल्यांपैकी दोघे अजून आहेत, आणि कोळ्याने शब्द मोडला म्हणून पक्षी गेले, हे ते आजही आपल्या नातवंडांना सांगतात. त्यांच्यापाशी जाण्याचे धैर्य मला अजून होत नाही, म्हणून इथे लिहितो : नाखवाने शब्द मोडला नव्हता. ते तीन रविवार मी बंधाऱ्यावर गेलोच नव्हतो.