परक्या गावातला गडगा

फ्रान्सच्या खेड्यात आठ दिवस राहून आले म्हटलं की लोक फोटो मागतात. माझ्याकडे एकच आहे, दगडांचा.

ताई नोकरीनिमित्त तिकडे असते. आंब्याचा हंगाम आटोपल्यावर तिने आईबाबांना आणि मला बोलावलं, खेड्यात एक घर भाड्याने घेतलं. मला जायचं नव्हतं. इकडे रत्नागिरीत, आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, काकांनी चिरेखाणीला जागा द्यायचं ठरवलं होतं. सडा कापला की खालच्या वाडीची विहीर आटली, हे सांगत मी सहा महिने घरोघर पत्रकं वाटली. पण सातबारावर काकांच्या जोडीला नाव बाबांचं. त्यांच्या सहीची हरकत गेली तरच काम अडणार, आणि मुदत नेमकी त्याच आठवड्यात संपत होती.

"तिथे निवांत वाचून सही करतो. तू फोटो पाठव," बाबा म्हणाले. प्रिंट काढून तहसीलला द्यायला माझी मैत्रीण तयार होती. मी विश्वास ठेवला. जगाला जागं करायला निघालेली माणसं घरातच अशी फसतात.

पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण. दुसऱ्या दिवशी बाजार. तिसऱ्या दिवशी चष्मा सापडेना. आई म्हणाली, "सुट्टीत तरी मोर्चा नको गो!" बाबांचं घड्याळ तेवढं भारताच्या वेळेवर होतं. का, तर बीपीची गोळी चुकायला नको.

चौथ्या दिवशी त्यांना घरामागच्या कुरणाचा दगडी गडगा दिसला. मधेच हातभर रुंद खिंडार.

"काय माणसं ही! गडगा पडलाय नि कोणाला पर्वा नाय."

आमच्याकडे पावसाआधी गडगे बांधून घेतात, गुरं आत शिरू नयेत म्हणून. बाबा बसले दगड रचायला. दोन दिवस! मी हरकतीचा अर्ज घेऊन शेजारी उभी.

"हात मातीचे आहेत गो. ठेव तिथे."

ठेवला. उडू नये म्हणून त्यांनीच त्यावर दगड ठेवला.

मुदतीच्या दिवशी, दुपारी, एक म्हातारा मेंढ्या घेऊन आला. मेंढ्या गडग्याला थटून ओरडायला लागल्या. म्हातारा हातवारे करत बोलला आणि ताई कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, ती मेंढ्यांची वाट होती. त्याने मुद्दाम मोकळी ठेवलेली."

म्हातारा हसला. बाबा ओशाळले, आणि त्याच्यासोबत आपलंच काम उसकटायला लागले. माझा तोल गेला.

"परक्याचे दगड दोन दिवस उचललेत. आपल्या सड्यासाठी पेन उचलवत नाही?"

ते थांबले नाहीत. "आम्हा भावांचा गणपती एक आहे. पाच दिवस त्याच्या पंगतीला बसायचं असतं मला. हरकत दिली की पुढच्या वर्षी दोन गणपती."

"आणि वाडीची विहीर?"

त्यांनी पुढचा दगड उचलला. वाट मोकळी झाली, मेंढ्या गेल्या. बाबांनी हात झटकले, मनगट वळवून घड्याळ पाहिलं.

"सव्वासहा. ऑफिस बंद झालं असेल ना आता?"

बीपीची गोळी ते सकाळी घेतात. मी फोन काढला आणि दगडांचा फोटो घेतला. खाली अर्ज होता, घडीसुद्धा न उलगडलेला.