दह्याची वाटी

बाबांना आतड्याचा कॅन्सर झाल्याचं कळलं, त्याच आठवड्यात दादाने मोबाईलवर वाचलं की दह्यातल्या जिवाणूंमुळे कॅन्सर टळतो. माझा हा मोठा भाऊ शिवडीच्या गोदामात माल उतरवायचा. डोक्यात राग गेला की त्याला आवरणं कठीण. रोज लालबागला घरी येताना तो दही घेऊन यायचा.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. त्याला म्हटलं, "अरे, दही आतड्याला चांगलं. त्याने धोका थोडा कमी होतही असेल, शोध चालू आहेत. पण झालेला कॅन्सर दह्याने जात नाही."

"तुझं शिक्षण कॉलेजात ठेव," तो म्हणाला.

तिसऱ्या केमोनंतर बाबांच्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या. पेशी वाढेपर्यंत घरचं दही-ताक बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. एरवी निरुपद्रवी असलेले जिवाणूही आता अंगावर उलटू शकतात, म्हणाले.

रविवारी दुपारी बाजारातून आले तर दादाने बाबांचा जबडा मुठीत धरला होता. दुसऱ्या हाताने तो दातांत चमचा कोंबत होता. केमोने बाबांचं तोंड आतून सोललेलं. लाल झालेलं दही बनियनवर ओघळत होतं.

मी वाटी हिसकावून भिंतीवर फेकली. त्याने कानाखाली अशी मारली की मी कपाटावर आदळले आणि ओठ फाटला. हाताला लागलं ते लाटणं घेऊन मी त्याच्या मनगटावर हाणलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा हाड वाजलं. खरं सांगते, तो आवाज ऐकून मला बरं वाटलं.

आई मध्ये पडली. "मेल्या, बापाशीक मारतलंस?" म्हणत ती त्याच्या छातीवर बुक्के मारत राहिली. तो उभा राहून मार खात होता. मग एकदम खाली बसला.

"काहीच करायचं नाही का मी? नुसतं बघत बसू?"

बाबांनी तोंड पुसलं. "बघत बस. माझ्याशेजारी बस," ते म्हणाले.

संध्याकाळी बाबांना ताप भरला. आठ दिवस ते परळच्या हॉस्पिटलात होते. दह्यामुळे की तसाच, डॉक्टरांना सांगता आलं नाही. हाताला प्लास्टर घातलेला दादा आठही दिवस खाटेजवळ बसला. माझ्याशी बोलला नाही.

बाबा घरी आले. सोडताना डॉक्टरांनी आम्हा दोघा भावंडांना आतड्याची तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं. वडिलांना झाला, म्हणजे मुलांनाही धोका जास्त. दादा महिनाभर टाळत राहिला. शेवटी मी त्याला कॉलर धरून नेलं. माझं सगळं ठीक निघालं. त्याच्या आतड्यात एक छोटी गाठ सापडली, ती तिथल्या तिथे काढली. अजून कॅन्सर नव्हता; राहिली असती तर होऊ शकला असता.

बाहेर आल्यावर तो बाकावर बसला. माझ्या ओठावरच्या व्रणाकडे बघून म्हणाला, "लागलं होतं ना गं खूप?"

"हो," मी म्हटलं. "आणि तुला?"

त्याने होकारार्थी मान हलवली. मी त्याच्याशेजारी बसले.