तीन बोटं कुणाची

माझं कामच संशय घेण्याचं आहे. गावातल्या दूध संकलन केंद्रावर मी कित्येक वर्षं दूध तपासून घेतो. कॅन पुढं आला की आधी माणसाच्या तोंडाकडं बघायचं, मग दुधाकडं. लॅक्टोमीटर जे सांगतो ते मला बऱ्याचदा आधीच कळलेलं असतं. बायको म्हणते, "तुमी देवाच्या तीर्थाचीबी डिग्री बघताल." तिचं अगदीच खोटं नाही. केंद्राला कुलूप लागलं तरी ही सवय माझ्यामागं घरी यायची, आणि घरात तिचा सगळ्यात जास्त त्रास माझ्या मुलीला झाला.

मुलगी चार वर्षांची असताना ओट्यावरून तोंडावर पडली. हनुवटी फुटली. अणदूरला नेऊन टाके घातले, जखम भरली आणि आम्ही विसरून गेलो. पुढं तिचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागलं. आधी भाकरीचा घास लहान झाला, मग भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागली, आणि दहाव्या वर्षी तर दातांच्या फटीतून बोटानं एकेक शीत आत ढकलत ती जेवायची. हनुवटीही बाकीच्या चेहऱ्याबरोबर वाढली नाही. बायकोनं खंडोबाचा भंडारा तिच्या गालांना लावला. मी मात्र नखरे समजलो. भाकरी नको आणि शेवया चालतात, म्हणजे हे सोंगच, असं माझं गणित. एकदा तर मी तिचे दोन्ही गाल दाबून धरले आणि "उघड, उघड की" म्हणून ओरडत राहिलो. ती रडली, तेही दात मिटूनच. ते आठवलं की मला आजही माझी लाज वाटते.

शेवटी शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सोलापूरला पाठवलं. तिथल्या जबड्याच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि सांगितलं, की पडली तेव्हा हिचा जबड्याचा सांधा दुखावला, आणि नंतर तिथलं हाड कवटीच्या हाडाला जाऊन चिकटलं. कानाच्या पुढं चिरा देऊन ते सोडवावं लागेल.

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. मी म्हणालो, "सायेब, तोंड उघडत न्हाय तिचं, अन् तुमी कानापाशी कापणार?"

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी माझं बोट धरून माझ्याच कानापुढं ठेवलं आणि तोंड उघडमीट करायला सांगितलं. बोटाखाली काहीतरी सरकत होतं. इतकी वर्षं मी त्या सांध्यावर जेवलो, बोललो, भांडलो, आणि तो तिथं आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मग त्यांनी तेच बोट मुलीच्या कानापुढं ठेवलं. ती बिचारी जोर करून तोंड उघडायला बघत होती, कपाळाची शीर फुगली, पण बोटाखाली काहीच हललं नाही. मी सही केली.

तरी संशय संपला नाही. तोंडातून नळी जात नाही म्हणून भूल द्यायची नळी नाकातून घालणार, हे कळल्यावर मी तीन वेगवेगळ्या नर्सना वेगवेगळं गाठून तोच प्रश्न विचारला. तिघींनी एकच उत्तर दिलं, तेव्हा मला वाटलं, ह्यांचं आधीच ठरलेलं दिसतंय.

ऑपरेशन नीट झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "माझं काम झालं, आता तुमचं सुरू. रोज तोंड उघडायचा व्यायाम झालाच पाहिजे. टाळाटाळ केली तर हाड पुन्हा जुळेल आणि तोंड पुन्हा बंद होईल." कागदावर व्यायामाची माहिती होती, आणि खाली लिहिलं होतं, की उभी धरलेली तीन बोटं तोंडात मावली पाहिजेत.

ते 'पुन्हा बंद होईल' माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी तपासणी करतो. आइस्क्रीमच्या असतात तशा लाकडी काड्यांची चवड ती दातांत धरायची, आणि मधेमधे आणखी एक काडी सारायची. डोळ्यांतून पाणी यायचं, पण काडी सोडायची नाही. मी काड्यांवर पेनानं खुणा केल्या. तिचा व्यायाम झाला की प्रत्येक काडी उजेडात धरून दाताचे वळ बघायचो. आणि दर रविवारी सकाळी तिला समोर बसवून माझी तीन बोटं तिच्या तोंडात घालून बघायचो.

दोन बोटं जायची. तिसरं अडायचं.

असे चार महिने गेले. मी ठरवून टाकलं, की एकतर पोरगी व्यायाम चुकवते, नाहीतर डॉक्टरनं काम कच्चं केलंय. तिला म्हणायचो, "दुधात पानी घालनारेबी असंच सरळ तोंड करून हुबे राहत्यात." तिच्या ओठांचे कोपरे चिरले होते. बायको त्यांना तूप लावायची आणि माझ्यावर डाफरायची, "लेकराला छळू नका हो!"

"अन् हाड परत जुळलं म्हंजे? तू उघडनार हाईस का तिचं तोंड?" मी म्हणायचो. 

शेवटी बोलावलेल्या तारखेची वाट न बघता मी मुलीला घेऊन सोलापूरची एसटी पकडली आणि डॉक्टरांपुढं उभा राहिलो. काही बोलायच्या आधीच तिच्या तोंडात बोटं घालून दाखवली. "हे बघा सायेब. जातंय का तिसरं?"

डॉक्टरांनी माझ्या हाताकडं पाहिलं. रोज कॅन उचलून जाड झालेली बोटं ती. मग ते मुलीला म्हणाले, "तू दाखव बरं." तिनं आपली तीन बोटं जोडली, उभी केली आणि तोंडात घातली. आरामात गेली. डॉक्टरांनी पट्टी लावूनही मोजलं आणि मान डोलावली. "माप ज्याचं तोंड त्याच्या बोटांचं असतं. हिचं तोंड छान उघडतंय. पोरीनं लई मेहनत घेतलीय."

"मग कागदावर तसं लिवायचं न्हाय का?" मी म्हणालो. हरलो तरी तक्रार सोडायची नाही.

"हिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही खाली औषधं आणायला गेला होता तेव्हा."

परतीच्या एसटीत बसल्यावर मी तिला विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं व्हतं की पप्पा. दोनदा." ती खिडकीबाहेर बघत होती. "तुमी म्हनलाव, चुकवायसाठी कायबी सांगतीस."

मला ते आठवेना. नळदुर्ग मागं पडलं तरी मी आठवत होतो. रोज सकाळी केंद्रावर 'म्हैस आजारी होती', 'कॅन धुताना पाणी राहिलं' असं दहाजण सांगतात आणि मी मान वर न करता 'बरं बरं' म्हणतो. तिचंही मी तसंच ऐकलं असणार. मला खूप वाईट वाटलं, पण तिला तसं म्हणायला तोंड उघडलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी तिला बोलावलं नव्हतं. तरी ती उठून आपणहून आली, माझ्यासमोर बसली, डोळे घट्ट मिटले आणि तोंड उघडलं.

"राहू दे," मी म्हणालो. "तुझी तू बघ आता. माझा इश्वास हाय."

तिनं तोंड मिटलं नाही. फक्त एक डोळा उघडला, आणि ह्यात माझा काय डाव आहे ते ओळखायला बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली.